फिल्टर कलरीमीटरमध्ये निळ्या आणि लाल फिल्टरवर आलेख वारंवार वाकतो : कारण, तपासणी आणि उपाय

महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांत, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळांत आणि लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये रंगीत काचेचे फिल्टर असलेले फोटोइलेक्ट्रिक कलरीमीटर, म्हणजे द्रावणाच्या रंगावरून त्याची तीव्रता मोजणारी यंत्रे, आजही रोजच्या कामात आहेत. त्यांच्याविषयीची एक तक्रार वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत कानावर येते. ४२० नॅनोमीटरचा निळा फिल्टर लावून, समजा नेसलर अभिकारकाने अमोनियाच्या प्रमाण द्रावणांची मालिका मोजायला घेतली, तर सुरुवातीचे काही बिंदू सरळ रेषेत बसतात. पुढे रेषा वाकू लागते आणि शेवटी आडवी पडते. द्रावणाची तीव्रता दुप्पट केली तरी ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते त्याचे माप) जेमतेम हलतो. मग अभिकारक नवे केले जातात, क्युव्हेट (द्रावण ठेवायची पारदर्शक नळी) पुन्हा पुन्हा धुतले जातात, दिवा बदलला जातो, आणि दुसऱ्या दिवशी आलेख पुन्हा त्याच ठिकाणी वाकतो.

ही तक्रार जेव्हा ठरावीक फिल्टरवरच, ठरावीक ओडीपाशीच येते, तेव्हा रसायनांवर आणखी खर्च करण्याआधी फिल्टर हातात घेऊन तपासावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक वेळा पाणी तिथेच मुरत असते. डोळ्याला निळी दिसणारी काच डोळ्याला न दिसणारा प्रकाशही सोडत असते आणि यंत्रातला डिटेक्टर तो इमानेइतबारे मोजत असतो.

आधी दुखण्याचे नेमके रूप ठरवले पाहिजे, कारण आलेख वाकण्याची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येकाचे वळण वेगळे असते. रासायनिक कारण असेल, उदाहरणार्थ नेसलरच्या अभिक्रियेत जास्त अमोनियामुळे गढूळपणा येत असेल, तर तो डोळ्यांनी दिसतो आणि प्रत्येक वेळी रीडिंग थोडे वेगळे येते. फिल्टरचा पट्टा रुंद असणे हे दुसरे कारण. काचेचा फिल्टर एकच तरंगलांबी सोडत नाही, तो पन्नासएक नॅनोमीटरचा किंवा त्याहून रुंद पट्टा सोडतो, आणि त्या पट्ट्याच्या कडेला द्रावणाचे शोषण कमी असेल तर रेषेला हलका बाक येतो. हा बाक सौम्य असतो, शिवाय पदार्थ बदलला की त्याचे स्वरूपही बदलते. फिल्टरमधून होणाऱ्या गळतीचे लक्षण मात्र अगदी वेगळे आहे: ओडीला एक छत लागते. द्रावण कितीही गडद केले तरी वाचन त्या छतापलीकडे जात नाही, आणि त्याच फिल्टरवर दुसरा एखादा पिवळा पदार्थ मोजला तरी छत जवळजवळ तिथेच राहते. दोन वेगळ्या रसायनांना एकच छत मिळाले, तर दोष रसायनांत असण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता हे छत येते कुठून, ते पाहू. त्यासाठी दिवा, काच आणि डिटेक्टर या तिघांचा हिशोब एकत्र मांडावा लागतो.

कलरीमीटरमधला टंगस्टनचा दिवा साधारण २८५० केल्व्हिन तापमानाला जळतो असे धरले, तर वीनच्या नियमानुसार त्याच्या प्रकाशाचे शिखर १०१७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे लालच्या पलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात येते. ४२० नॅनोमीटरला त्याच्याकडून जेवढी ऊर्जा मिळते, त्याच्या सुमारे तेरापट ऊर्जा ९०० नॅनोमीटरला मिळते. त्यात सिलिकॉनचा फोटोडायोड ४२० च्या मानाने ९०० नॅनोमीटरला अंदाजे तिप्पट संवेदनशील असतो. गुणाकार केला तर अवरक्ताचे पारडे चाळीसपटीच्या घरात जाते. याचा अर्थ असा की निळा फिल्टर ९०० नॅनोमीटरचा प्रकाश अगदी थोडा जरी सोडत असला, तरी डिटेक्टरच्या लेखी तो थोडा राहत नाही.

इथे जुन्या यंत्रांची एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, कारण हा दोष दुरुस्तीनंतर अचानक सुरू झाल्याचे अनेक ठिकाणी आढळते. जुन्या कलरीमीटरमध्ये सेलेनियमचा फोटोसेल असे. त्याची संवेदनशीलता माणसाच्या डोळ्याशी बरीच मिळतीजुळती असते. हिरव्या-पिवळ्या भागात ती सर्वाधिक असते आणि ७०० नॅनोमीटरच्या पुढे झपाट्याने घटते. त्यामुळे फिल्टर अवरक्त प्रकाश सोडत असला तरी सेलेनियमला त्याची गंधवार्ता नसे. पुढे तो सेल थकला आणि दुरुस्तीत त्याच्या जागी सिलिकॉनचा फोटोडायोड बसवला गेला. तो स्वस्त आहे, टिकाऊ आहे, वेगवान आहे, पण ११०० नॅनोमीटरपर्यंत पाहतो. फिल्टरांची जुनी पेटी तशीच राहिली. जो पट्टा पूर्वी अर्धा काच आणि अर्धा डिटेक्टर मिळून ठरवत होते, त्याची एक बाजू अशा रीतीने उघडी पडली.

लाल फिल्टरच्या बाबतीत तर हे फारच ठळक दिसते. अनेक जुन्या पेट्यांमधला ६६० चा फिल्टर म्हणजे प्रत्यक्षात केवळ लाल काच असते. ती ६३० च्या आसपासपासून पुढचे सगळे सोडते. वरची मर्यादा सेलेनियम घालून देत असे. सिलिकॉन बसवल्यावर तोच फिल्टर मुख्यतः अवरक्त प्रकाश मोजू लागतो. मेथिलीन ब्ल्यूचे शोषण ६६४ नॅनोमीटरला प्रखर असते, पण ७५० च्या पुढे ते द्रावण जवळजवळ पारदर्शक असते. साहजिकच त्याचा आलेख लवकरच आडवा होतो. याउलट त्याच फिल्टरवर फॉस्फेटची मॉलिब्डेनम ब्ल्यू पद्धत व्यवस्थित चालते, कारण अॅस्कॉर्बिक आम्लाने केलेल्या त्या निळ्या रंगाचे मुख्य शोषणच ८८० नॅनोमीटरच्या आसपास असते. एक चाचणी बरोबर येते आणि दुसरी येत नाही, म्हणून दोष दुसरीच्या रसायनांवर ढकलला जातो. मूळ कारण फिल्टरजवळच असते.

काच रंगीत कशामुळे होते हे थोडे समजून घेतले, तर कोणत्या फिल्टरवर आधी संशय घ्यायचा ते आपोआप कळते. रंगीत काचेचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्यात कोबाल्ट, तांबे, निकेल, क्रोमियम, लोह अशा धातूंचे आयन काचेत विरघळलेले असतात आणि प्रत्येक आयन आपल्या ठरावीक पट्ट्यात प्रकाश शोषतो. कोबाल्टच्या निळ्या काचेत हे शोषण साधारण ५०० ते ६८० नॅनोमीटरच्या दरम्यान असते. त्याच्या अलीकडचा निळा-जांभळा भाग काच सोडते, तसाच ७०० च्या पलीकडचा गडद लाल आणि अवरक्त भागही सोडते. क्षारांच्या पृथक्करणात ज्योत परीक्षा करताना पोटॅशियमसाठी आपण निळी काच डोळ्यासमोर धरतो. सोडियमचा ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश ती अडवते, म्हणून पोटॅशियम ओळखता येते. पण त्या काचेतून ज्योत लालसर का दिसते? पोटॅशियमच्या ठळक रेषा ७६६ आणि ७७० नॅनोमीटरला आहेत, आणि निळी काच त्या सरळ सोडते. बारावीच्या प्रात्यक्षिकात प्रत्येकाने पाहिलेली ही गोष्ट कलरीमीटरपाशी बसल्यावर मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही.

तांब्याच्या निळसर हिरव्या काचेची गोष्ट नेमकी उलट आहे. तांब्याच्या आयनाचे शोषण गडद लाल आणि जवळच्या अवरक्त भागातच पसरलेले असते. म्हणून एकाच पेटीतला, तांब्याची काच वापरून केलेला ५२० किंवा ५४० चा हिरवा फिल्टर बिनतक्रार चालतो आणि शेजारचा कोबाल्टचा ४२० चा फिल्टर त्रास देतो. हिमोग्लोबिनची सायनमेथेमोग्लोबिन पद्धत ५४० नॅनोमीटरला मोजली जाते; ज्या लॅबमध्ये केवळ तेवढीच चाचणी होते, तिथे हा दोष अनेक वर्षे उघडकीस येत नाही.

दुसरा प्रकार पिवळ्या, नारिंगी आणि लाल काचांचा. यांत कॅडमियम सल्फाइड आणि कॅडमियम सेलेनाइड यांचे अतिसूक्ष्म कण असतात. ओतल्यावर ही काच जवळजवळ रंगहीन असते. पुन्हा ठरावीक तापमानाला तापवली की कण वाढतात आणि रंग उमटतो. कणांच्या अर्धवाहक गुणामुळे एका विशिष्ट तरंगलांबीच्या खालचा सगळा प्रकाश शोषला जातो आणि वरचा सगळा पार होतो, म्हणून या काचांची धार तीव्र असते. शॉट या जर्मन काच कंपनीच्या यादीतील जीजी-४९५, ओजी-५३०, आरजी-६३० या नावांतले आकडे हीच धार सांगतात. संदर्भ जाडीला, बहुधा ३ मिलीमीटरला, काचेचे अंतर्गत पारेषण (आरपार जाणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण) जिथे ५० टक्के होते ती ही तरंगलांबी. अशाच रंगीत काचांचा अभ्यास करताना अॅलेक्सी एकिमोव्ह यांना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कणांच्या आकारावर रंग अवलंबून असल्याचे दिसले आणि त्या कामासाठी २०२३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. फिल्टरच्या काचेतून इतके मोठे विज्ञान निघाले, याचे मला फार अप्रूप वाटते.

गळतीमुळे वाचनात नेमकी किती चूक येते, हे आकड्यांत पाहिले म्हणजे वाकलेल्या आलेखाचा उलगडा होतो. समजा ब्लँकला (मोजायचा पदार्थ नसलेल्या, तुलनेच्या द्रावणाला) मिळणाऱ्या एकूण सिग्नलपैकी ५ टक्के भाग अवरक्त गळतीचा आहे आणि द्रावण त्याला अजिबात शोषत नाही. मग खरा ओडी ०.५० असताना यंत्र ०.४६ दाखवेल. खरा १.०० असताना ०.८४ दाखवेल. खरा २.०० असताना दाखवेल १.२३. द्रावण शाईइतके काळे केले तरी वाचन १.३० च्या वर जाणार नाही, कारण ५ टक्के प्रकाश नेहमीच पोचत राहील. गळती २ टक्के असेल तर छत १.७० ला लागते. तुमच्या यंत्राचे छत कुठे आहे ते पाहिले की गळती किती टक्के आहे ते उलट हिशोबाने लगेच काढता येते. यातली काळजीची गोष्ट अशी की ०.५० च्या आसपासही वाचन आठ-नऊ टक्क्यांनी कमी येते, आणि तिथे आलेख अजून सरळ दिसत असल्यामुळे कोणाला शंका येत नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. पहिली चाचणी कोणत्याही लॅबमध्ये दोन मिनिटांत होते. टीव्हीचा रिमोट घ्यावा; त्याचा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश टाकतो. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून रिमोटचे तोंड त्याच्याकडे करावे आणि बटण दाबून धरावे. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा अवरक्त अडवणारी काच असते, म्हणून काही दिसले नाही तर पुढचा कॅमेरा वापरून पाहावा. पडद्यावर फिक्कट जांभळट ठिपका लुकलुकताना दिसला की मध्ये फिल्टर धरावा. निळा फिल्टर मध्ये आल्यावरही ठिपका जवळजवळ तसाच लुकलुकत राहिला, तर काच अवरक्त सोडते हे डोळ्यांनी दिसले. तांब्याची निळसर हिरवी काच मध्ये धरली की तोच ठिपका विझतो. ही चाचणी प्रमाण सांगत नाही, पण एकदा पाहिली की विसरता येत नाही, आणि नव्या सहकाऱ्यांना फिल्टरचे काम समजावून सांगण्यासाठी मला हिच्याइतकी चांगली रीत दुसरी माहीत नाही.

प्रमाण हवे असेल तर यंत्रातच मोजावे. ४२० च्या फिल्टरसाठी टार्ट्राझिनचे, म्हणजे खाद्यपदार्थांत वापरल्या जाणाऱ्या पिवळ्या रंगाचे, गडद द्रावण घ्यावे. त्याचे शोषण ४२५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. पाण्याचा ब्लँक लावून पारेषण १०० टक्के करावे, मग टार्ट्राझिनचे क्युव्हेट ठेवावे आणि द्रावण टप्प्याटप्प्याने गडद करत जावे. पारेषण ज्या आकड्यावर अडून बसेल, तीच गळती. मात्र त्याआधी प्रकाशाचा मार्ग काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण बंद करून शून्य बरोबर आहे याची खात्री करून घ्यावी, नाहीतर शून्याची चूक गळतीच्या खात्यात जमा होते. ५३० च्या फिल्टरसाठी पोटॅशियम परमँगनेट आणि ६६० साठी मेथिलीन ब्ल्यू याच पद्धतीने वापरता येतात. झाकण नीट न बसल्याने खोलीतला प्रकाश आत येत असेल तरी असेच छत लागते, म्हणून एकदा यंत्रावर काळे कापड टाकून वाचन पुन्हा घ्यावे. कापडाने आकडा बदलला तर दोष फिल्टरचा नसून पेटीचा आहे.

ज्यांच्याकडे आरजी-७१५ सारखी, डोळ्याला जवळजवळ काळी दिसणारी काच आहे, त्यांनी ती निळ्या फिल्टरच्या जोडीने प्रकाशमार्गात ठेवावी. दोन्ही काचांनी मिळून सोडावा असा दृश्य प्रकाश जवळजवळ उरतच नाही, म्हणून त्या जोडीतून जे काही मोजले जाईल ते सर्व पलीकडच्या गडद लाल आणि अवरक्त भागाचे असते.

गळती सिद्ध झाली की उपाय एकच: प्रकाशमार्गात अवरक्त अडवणारी काच वाढवणे. यासाठी दोन जातींच्या काचा मिळतात आणि त्यांची गल्लत करू नये. उष्णता शोषणारी केजी जातीची काच लोहाच्या आयनांवर चालते. तिचा जोर १००० नॅनोमीटरच्या आसपास आणि पलीकडे असतो, पण ७०० ते ८०० च्या दरम्यान ती बराच प्रकाश जाऊ देते. सिलिकॉनसमोरची गळती बंद करायची तर बीजी-३९ सारखी तांब्याची निळसर हिरवी काच अधिक उपयोगी पडते, कारण ती ७०० पासूनच घट्ट बंद होते आणि निळा-हिरवा भाग मोकळा सोडते. अर्थात ६६० च्या फिल्टरसाठी ती चालणार नाही, कारण ती ६६० चा लाल प्रकाशही बराचसा गिळून टाकते. तिथे ७०० ला कापणारा पातळ थरांचा व्यतिकरण फिल्टर जोडणे किंवा दिवा काढून ६६० चा एलईडी बसवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

काचेची जाडी ठरवताना शोषणाचा नियम आपल्या बाजूने काम करतो. १ मिलीमीटर जाडीची काच नको असलेल्या पट्ट्यातला १० टक्के प्रकाश सोडत असेल, तर २ मिलीमीटरची १ टक्का आणि ३ मिलीमीटरची ०.१ टक्का सोडते. हव्या असलेल्या पट्ट्यात तीच काच १ मिलीमीटरला ९५ टक्के सोडत असेल, तर ३ मिलीमीटरला ती सुमारे ८६ टक्के सोडते. नुकसान थोडे आणि लाभ मोठा, म्हणून जागा असेल तर जाड काच घ्यावी. मात्र प्रत्येक सुट्या काचेच्या दोन पृष्ठभागांवर मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परावर्तित होऊन जातो, तेव्हा दोन पातळ काचांपेक्षा एक जाड काच नेहमी बरी.

आता दुसऱ्या, याच उपायातून जन्मणाऱ्या अडचणीकडे वळतो. कोकणपट्टीत, मुंबईत आणि गोव्यात ती दर पावसाळ्यात परत येते. तांब्याची ही निळसर हिरवी काच बहुधा फॉस्फेटयुक्त असते आणि दमट हवा तिला सोसत नाही. पृष्ठभागावर ओलावा बसला की काचेतले काही घटक त्यात उतरतात आणि मागे वेगळ्या अपवर्तनांकाचा पातळ थर उरतो. सुरुवातीला त्यावर तेलाच्या तवंगासारखी फिकट रंगछटा दिसते, नंतर राखाडी धुके धरते. यंत्रावर याचे लक्षण असे की ब्लँकला १०० बसत नाही, गेनचे बटण टोकापर्यंत फिरवावे लागते आणि आकडा अस्थिर होतो. धुक्यामुळे ब्लँक आणि नमुना दोघांचाही प्रकाश सारखाच कमी होत असल्याने ओडी लगेच चुकत नाही, म्हणून दोष लक्षात येईपर्यंत काच बरीच खराब झालेली असते.

धुके धरलेली काच आणि बुरशी लागलेली काच यांत फरक करायला शिकावे. काळोख्या खोलीत टॉर्चचा प्रकाश काचेवर अगदी तिरका, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर टाकावा. बुरशीला मुळांसारखे फाटे फुटलेले बारीक तंतू दिसतात आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या लेन्स टिश्यूने ते बहुतांशी निघून जातात. धुके धरलेल्या काचेवर सलग पुटासारखा पांढुरका थर दिसतो. पुसल्यावर तो क्षणभर नाहीसा होतो आणि अल्कोहोल उडून गेले की जसाच्या तसा परत येतो. असा थर घासून काढण्याचा प्रयत्न हाताने करू नये. ऑप्टिकल वर्कशॉपमध्ये पुन्हा पॉलिश करून काच वाचू शकते, नाहीतर ती बदलावी. घरगुती काच साफ करण्याचे अमोनियायुक्त द्रव या काचांवर कधीही वापरू नयेत आणि पाण्याचा थेंब त्यांच्यावर सुकू देऊ नये.

मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्याआधी, फिल्टरची पेटी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी. निळे जेल गुलाबी झाले म्हणजे ते भरले. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तापवून ते पुन्हा कोरडे करता येते. यंत्र रोज थोडा वेळ चालू ठेवणे हाही उपयोगी उपाय आहे, कारण दिव्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते. वातानुकूलित खोलीतून थंड फिल्टर एकदम दमट व्हरांड्यात नेऊन उघडला तर त्यावर दव धरते, म्हणून डबा बंद ठेवूनच तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा.

बाकीच्या काही तक्रारी थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. यंत्र सुरू केल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटे वाचन सरकत राहत असेल, तर दिव्याबरोबर फिल्टरही तापत असतो. कॅडमियमच्या पिवळ्या-लाल काचांची धार तापमानाबरोबर लांब तरंगलांबीकडे सरकते, दर अंशाला साधारण एक दशांश नॅनोमीटर या हिशोबाने. काच ३० अंशांनी तापली तर धार ३ नॅनोमीटर हलते, आणि द्रावणाचे शोषण त्या धारेपाशी तीव्र उताराचे असेल तर ओडी नक्की बदलतो. म्हणून यंत्र तापू द्यावे, मगच ब्लँक लावावा.

काच तडकत असेल तर तिचा मधला भाग गरम आणि धातूच्या पकडीतली कड थंड असते. ताण तिथून येतो. उष्णता शोषणारी काच दिव्याच्या बाजूला पहिली ठेवावी, रंगीत काच तिच्यामागे थोडे अंतर सोडून ठेवावी, आणि पकड इतकी सैल असावी की काच प्रसरण पावू शकेल. पंख्याचा झोत थेट काचेवर सोडू नये.

फ्लुरोमीटरमध्ये, म्हणजे उद्दीपनाचा प्रकाश टाकल्यावर नमुना स्वतः किती चमकतो ते मोजणाऱ्या यंत्रात, ब्लँकच जास्त येत असेल तर नमुन्यापलीकडच्या पिवळ्या किंवा नारिंगी फिल्टरवर संशय घ्यावा. या काचा अतिनील किंवा जांभळ्या प्रकाशात स्वतःच मंद चमकतात. अंधारात ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च त्यांच्यावर टाकला की चमक दिसते. अशा वेळी नमुना आणि ती काच यांच्यामध्ये, न चमकणारी आणि उद्दीपनाचा प्रकाश अडवणारी दुसरी काच घालावी, तसेच उद्दीपनाच्या बाजूचा फिल्टर अधिक जाड करावा.

अतिनील सोडणाऱ्या काळ्या काचेलाही गळतीचे तेच दुखणे आहे. रॉबर्ट विल्यम्स वुड यांच्या नावाची, निकेल ऑक्साइड असलेली काच त्वचारोगतज्ज्ञांच्या दिव्यात वापरली जात आली आहे. तिच्यासारख्या यूजी-११ जातीच्या काचेतून ७०० नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाशाची एक खिडकी उघडी राहते. डोळ्याला तो लाल प्रकाश फार जाणवत नाही, पण कॅमेरा किंवा सिलिकॉन डिटेक्टर लावला की मोजमाप त्याच्यावरच जाते. इथेही तांब्याची निळसर हिरवी काच जोडीला घालून ती खिडकी बंद करतात. पाऱ्याच्या तीव्र दिव्यासमोर अशा काचा कालांतराने अतिनील भागात मंदावतात, तेव्हा दिवा नवा असूनही तीव्रता कमी वाटली तर काच एकदा बदलून पाहावी.

एवढे सगळे करूनही निळ्या फिल्टरवर थोडा बाक उरतो, आणि तो फिल्टरच्या रुंद पट्ट्याचा असतो. तो काढता येत नाही. अशा वेळी कामाची मर्यादा ०.६ किंवा ०.७ ओडीपर्यंत आखावी आणि त्यापुढचे नमुने विरळ करून मोजावेत. प्रत्येक फिल्टरचे छत वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर, वर सांगितलेल्या गडद द्रावणाने मोजून यंत्राच्या नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवावे. छत खाली आले तर गळती वाढली असे समजावे, आणि त्याच सुमारास डिटेक्टर किंवा दिवा बदललेला नसेल तर अवरक्त अडवणारी काच जागेवर आहे का आणि ती उलटसुलट पेटीत गेलेली नाही ना, हे पहिल्यांदा पाहावे.